चामड्यावर बसवलेलं इंजिन

लाइट गेली की अख्खी भिवंडी कपाळाला हात लावायची आणि दोनच माणसं मनातून खूश व्हायची. एक नाक्यावरचा मेणबत्त्या विकणारा आणि दुसरा मी.

माझं गॅरेज कामतघरला, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, दोन कारखान्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. डावीकडच्या भिंतीपलीकडे खटखट, उजवीकडच्या भिंतीपलीकडे खटखट, आणि मध्ये मी. धंदा गाड्या ट्यून करण्याचा. ज्यांनी कधी बॉनेट उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या पेट्रोल गाडीत कार्बोरेटर नावाचा एक भाग असतो. तो पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो. पेट्रोल जास्त झालं तर गाडी काळा धूर सोडते, कमी झालं तर धापा टाकते. त्या मिश्रणाला ठिणगी नेमकी कधी मिळायची, हे डिस्ट्रिब्युटर नावाच्या दुसऱ्या भागावर ठरतं. त्या वेळेला आम्ही टायमिंग म्हणतो. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, डिस्ट्रिब्युटर एक केस तिकडे, एवढंच हे काम. बाकी सगळं ऐकण्याचं. इंजिन सुखी आहे की कण्हतंय, हे कानाला कळावं लागतं.

आणि मी गॅरेज थाटलं होतं भिवंडीत, जिथे शेजारी बसलेल्या माणसाला चहा हवा का हे हाताच्या खुणेने विचारतात. असं का केलंस म्हणून बायको, सुमन, आयुष्यभर विचारत आली. भाडं परवडत होतं, हे एकच उत्तर माझ्याकडे होतं.

त्यातून मार्ग काढला लोडशेडिंगने. दोन हजार सालानंतरची ती वर्षं आठवत असतील त्यांना सांगायला नको. लाइट जायची, लूम थांबायचे, कारागीर घाम पुसत ओट्यावर येऊन विड्या शिलगावायचे, शेठ लोक लाइटवाल्यांच्या खानदानाचा उद्धार करायचे, आणि त्या शांततेत मी स्क्रू ड्रायव्हर उचलायचो. दुसरा माझा दिवस शुक्रवार. त्या दिवशी लूमला सुट्टी. गिऱ्हाइकांना हे पाठ होतं. खोलायचं-जोडायचं काम कधीही, पण ट्यूनिंगला गाडी आणायची ती लाइट गेल्यावर किंवा शुक्रवारी.

हा नियम मी एकदाच मोडला. एका टॅक्सीवाल्याला नाशिकचं भाडं होतं, तो थांबायला तयार नव्हता. लूम चालू असतानाच त्याची गाडी लावून दिली. इंजिन असं छान तालात वाटत होतं की मीच मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याचा कसाऱ्याच्या अलीकडून फोन आला, आणि त्याने वापरलेले शब्द दिवाळी अंकात येण्यासारखे नाहीत. झालं होतं ते असं की त्याचं इंजिन एका सिलिंडरवर मिस मारत होतं, आणि ती गाळलेली जागा शेजारचा लूम बरोबर भरून काढत होता. भिवंडीबाहेरच्या मेकॅनिकला मी हे सांगतो तेव्हा त्याला मी थापा मारतोय असं वाटतं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने होती. कोन गावाकडचा एक तरुण जीप घेऊन यायचा, त्याला गाडी सुरळीत नको होती, मोठ्याने हवी होती. "जनूभाऊ, आवाज आसा पायजे का हितं चालू केली का कल्यानला कललं पायजे," असं म्हणायचा. त्याच्या सायलेन्सरला मी काय काय केलं ते सांगत नाही, हळदीच्या वरातीत त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांची झोप उडवली एवढं सांगतो. पण या सगळ्यांत एकच काम असं झालं की ते आठवलं की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. आणि गंमत म्हणजे ती गाडी माझ्या हातून निघाली तेव्हा अडाण्यालाही कळावं इतकी खडबडत होती.

निसारभाई एका सकाळी गॅरेजवर आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. बसायचं ते समोरच, कारण त्यांना ऐकू येत नसे. भिवंडीतलं जुनं कोकणी मुसलमान घराणं, पण निसारभाई स्वतः तरुणपणी लूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. पुढे स्वतःचे थोडे लूम घेतले, कारखाना उभा केला, आणि त्या खडखडाटात कान कायमचे गेले. आमच्याकडे अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात, त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं समजायचं. स्वतः मात्र अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं बोलायचे.

"जनू," ते म्हणाले, "माझी जीप कोनला काशिनाथकडे उभी आहे. तिला रोडवर आण."

ती जीप भिवंडीत बऱ्याच जणांना माहीत होती. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी, निसारभाईंनी स्वतः खोलून पुन्हा बांधलेली. तिच्यात त्यांनी एका टॅक्सीचं पेट्रोल इंजिन बसवलं होतं, रीतसर पुस्तकात नोंद करून. गिअरच्या दांड्याला मूठ होती ती लूमच्या धोट्याची, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्याची, लाकूड हाताने घासून गुळगुळीत झालेलं. दर शुक्रवारी नमाज आणि जेवण झालं की निसारभाई आणि त्यांची बायको जुबैदाभाभी त्या जीपमधून कोनच्या खाडीपर्यंत जायचे आणि चहा पिऊन परत यायचे. एका शुक्रवारी काशिनाथच्या दारात क्लच गेला, गाडी त्याच्या अंगणात ढकलली, आणि मग कारखान्याच्या अडचणी निघाल्या, आज आणू उद्या आणू करत ती तिथेच राहिली.

"आता एवढ्या वर्षांनी कशाला?" मी विचारलं. "इरफानने नवी गाडी घेतलीय ना?"

इरफान त्यांचा मुलगा. कारखाना आता तोच बघत होता.

"नवी गाडी माझ्याशी बोलत नाही," निसारभाई म्हणाले.

मला वाटलं, म्हातारपणी जुन्या गोष्टींची माया सुटते, त्यातलंच हे. मी फार विचार केला नाही. खरं तर तेव्हाच करायला हवा होता.

थोड्याच वेळाने इरफान एकटाच आला. पोरगा समंजस, बापाचा जीव की प्राण. तो म्हणाला, "जनूकाका, अब्बांनी माझी गाडी तीनदा भर रस्त्यात बंद पाडली. बंद पडली हे त्यांना कळतसुद्धा नाही. मी चावी काढून घेतली, तेव्हापासून ते घरात बसून आहेत. कारखान्यात येत नाहीत, जेवणावर लक्ष नाही. जीप करायची तर करा. पण एकदम नीट करा, जराही हिसका नको, थरथर नको. तुम्ही दिली की मी समोर उभा राहून त्यांना चालवायला सांगणार. जमलं तर ठीक. नाही जमलं तर जीप विकणार आणि त्यांचं ड्रायव्हिंग बंद. त्यांना काही झालं तर मी अम्मीला तोंड कसं दाखवू?"

त्याचं चुकत नव्हतं. मी त्याला शब्द दिला की गाडी लोण्यासारखी करून देईन.

कोनला गेलो तर काशिनाथ अंगणातच होता. आगरी गडी, निसारभाईंचा जुना दोस्त, मातीचे डंपर चालवायचा धंदा. जीपवर ताडपत्री, ताडपत्रीवर वाल वाळत घातलेले. मी दोर बांधून गाडी ओढून न्यायला टेम्पो घेऊन आलो होतो. काशिनाथने मला थांबवलं.

"जनूभाऊ, आज न्हाय न्यावाची."

"का रे?"

"कोंबडी खुडूक बसलीय. डायवरच्या शिटाखाली. पिल्लां निंगल्याबिगर गाडी हालवू देवाची न्हाय, घरातली मना घरात घेवाची न्हाय."

मी वाकून पाहिलं. लालसर कोंबडी, अंग फुलवून, डोळे वटारून. मी निसारभाईंना जाऊन सांगितलं, त्यांना आधी ओठांवरून समजेना, मग मी हाताने कोंबडी करून दाखवली, तेव्हा ते इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. म्हणाले, "बसू दे. मी पण बसलोच आहे." पिल्लं निघाली तेव्हा काशिनाथने स्वतः फोन करून बोलावलं.

बंद गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणजे इंजिन सुरू करणं नव्हे, ते शेवटचं काम. आधी टाकी उतरवली. आतून गंज, आणि पेट्रोलचा रंग काढ्यासारखा. ब्रेक चारही चाकांना धरून बसले होते. वायरिंग उंदरांनी आवडीने खाल्लेलं. क्लच प्लेट, होजपाइप, टायर, बॅटरी सगळं नवं. इंजिन उतरवायला साखळीची पुली लावली आणि तिथे मला ते दिसलं.

इंजिन चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, थेट ठेवत नाहीत. मध्ये रबराचे जाड तुकडे असतात, त्यांना आम्ही माउंटिंग म्हणतो. इंजिनची थरथर ते पिऊन टाकतात, म्हणून आत बसलेल्या माणसाला त्रास होत नाही. या जीपला रबर नव्हतंच. तिथे चामड्याचे तुकडे होते, एकावर एक ठेवून बोल्टने आवळलेले, दगडासारखे कडक. ते चामडं मी ओळखलं. जुन्या लूमवर धोट्याला फटका मारायला पट्टा असतो, त्याचं ते.

मी हसलो. निसारभाई कितीही झालं तरी लूमचा माणूस, रबर मिळालं नसेल म्हणून हाताला लागलं ते लावलं, असं मला वाटलं. चामड्याचे तुकडे भंगाराच्या ड्रममध्ये टाकले आणि बाजारातून उत्तम रबर माउंटिंग आणून बसवले.

मग ट्यूनिंग. त्या आठवड्यात लाइटने माझ्यावर मेहरबानी केली. रोज दुपारी जायची. मी लोखंडी सळीचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून प्रत्येक सिलिंडर वेगळा ऐकला. पॉइंट घासले, प्लगची फट पुन्हा पुन्हा मोजली, कार्बोरेटर तर इतक्या वेळा खोलला की त्यालाही माझा कंटाळा आला असेल. शेवटी एका दुपारी इंजिन असं लागलं की बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला तर पाणी हललं नाही. ओट्यावर विड्या ओढणारे कारागीर उठून बघायला आले. मी आयुष्यात त्याहून चांगली गाडी लावलेली नाही.

शुक्रवारी दुपारी गॅरेजसमोर सगळे जमले. रस्ता शांत होता. निसारभाई पांढरा कुर्ता घालून, अत्तर लावून आले. जुबैदाभाभी बुरखा सावरत शेजारच्या सीटवर बसल्या. इरफान हाताची घडी घालून कडेला उभा. निसारभाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नवऱ्यामुलाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. मी आधीच इंजिन चालू करून ठेवलं होतं, गरम असावं म्हणून.

ते स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांनी चावी फिरवली. चालू इंजिनवर स्टार्टर मारला की दात दातावर घासतात, तसा आवाज झाला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि खुणेने सांगितलं, चालू आहे.

"चालू?" ते म्हणाले. त्यांनी तळहात स्टिअरिंगवर ठेवला. मग डॅशबोर्डवर. मग धोट्याच्या मुठीवर. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबले, दारावर टकटक करून उत्तराची वाट बघावी तसे.

"मेलीय ही," ते म्हणाले.

तरी त्यांनी गाडी काढली. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळायला लागलं तरी त्यांना पत्ता नव्हता. मग दुसरा टाकला आणि लगेच तिसरा, तो फार लवकर, आणि धामणकर नाक्याकडे वळायच्या आधीच गाडी गचकन बंद पडली. ते रस्त्याच्या मधोमध, ॲक्सिलरेटर दाबत बसलेले, आणि मागे मालाचा ट्रक हॉर्नवर हात ठेवून. भाभी त्यांचा गुडघा हलवत होत्या. इरफान पळत गेला. आम्ही दोघांनी गाडी ढकलून कडेला घेतली.

इरफान माझ्याकडे वळला. मला म्हणाला, "काका, तुमचं काम एक नंबर झालंय. पण बघितलंत ना?" विकणारा आपण आहोत याचं त्यालाच जास्त वाईट वाटत होतं.

निसारभाई खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग त्या पांढऱ्या कुर्त्यासकट गुडघ्यांवर बसून त्यांनी गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं.

"जनू, माझं चामडं कुठंय?"

मी सांगितलं, काढून टाकलं, रबर बसवलं. त्यांनी माझे ओठ वाचले आणि कपाळावर हात मारला नाही, चिडले नाहीत, फक्त एखाद्या नवशिक्याला समजवावं तसं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अरे, रबर मी पण लावून बघितलं होतं. मग काढलं. लूमवर कान गेले तेव्हा मी काय केलं? लूमच्या फ्रेमवर हात ठेवायचो. कुठला बोल्ट सैल आहे, धोटा कुठे अडतोय, सगळं हाताला कळायचं. गाडीचं पण तसंच केलं. चामड्यातून इंजिन हाताला येतं. गिअर कधी बदलायचा ते मला बुडाखाली कळायचं. इरफानची गाडी पण अशीच, मुकी. तू माझी गाडी मुकी केलीस."

मी तिथे उभा होतो आणि माझ्या डोक्यात त्यांचं ते पहिलं वाक्य फिरत होतं, नवी गाडी माझ्याशी बोलत नाही. त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. मी, कानावर पोट भरणारा माणूस, ऐकलं नव्हतं.

इरफानला मी म्हटलं, "एक शुक्रवार दे."

तो म्हणाला, "काका, हीच गाडी आणखी खराब करून तुम्ही देणार, आणि मी त्यांना त्यात बसवू?"

"तूच बस मागे," मी म्हटलं. "नाही पटलं तर मी स्वतः गिऱ्हाईक शोधून देतो."

भंगाराचा ड्रम केव्हाच रिकामा झाला होता. निसारभाईंनी कारखान्याच्या माळ्यावरून जुन्या लूमचा एक पट्टा शोधून आणला, तुकडे कापले, तेलात भिजवले, आणि माझ्या हातात दिले. रबर निघालं, चामडं बसलं. मग खरं काम सुरू झालं. त्यांना नुसती थरथर नको होती. थरथर अशी हवी होती की स्लोला, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना, एक, दुसऱ्या गिअरला वेगळी, आणि दम लागायच्या आधी तिसरी. म्हणजे मला इंजिन थोडं बिघडवायचं होतं, पण मोजून. टायमिंग बिनचूकपेक्षा जरासं पुढे, स्लो अंमळ खाली, जिथे इंजिन प्रत्येक ठोक्याला खांदा उडवतं.

ते सीटवर बसायचे, दोन्ही तळहात स्टिअरिंगवर, डोळे मिटून. मी बॉनेटखाली. मी स्क्रू फिरवायचो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. पाव फेरा. मान नकारार्थी. आणखी थोडा. भुवई वर. एकदा मी सवयीने म्हटलं, "लाइट जाऊ द्या, मग करू." शेजारी दोन्हीकडे लूम धडधडत होते, माझ्या पायाखालची जमीन हलत होती.

त्यांनी डोळे उघडले. "लाइट कशाला?"

"लूमची थरथर मध्ये येईल. तुमच्या हातालाच गोंधळ होईल."

ते हसायला लागले. "लूमचा हात वेगळा, इंजिनचा हात वेगळा. तुला सुमनवहिनी आणि शेजारीण दोघी बोलल्या तर गोंधळ होतो का?"

आणि असं मी आयुष्यात पहिल्यांदाच लाइट असताना, भर खडखडाटात, एक गाडी ट्यून केली. माझ्या कानाचा काडीचाही उपयोग नव्हता. शेवटी एका क्षणी निसारभाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून तळहात हळूच थोपटला, बाळाला झोपवताना थोपटतात तसा. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

मग शुक्रवार. पुढे निसारभाई आणि भाभी, मागे इरफान आणि मी. स्लोला गाडी अशी उडत होती की माझे दात वाजत होते. इरफानने माझ्याकडे बघितलं, मी बाहेर बघितलं. निसारभाईंनी गिअर टाकला आणि आम्ही निघालो. पहिला, दुसरा, तिसरा, लोण्यातून सुरी गेल्यासारखा. एकदाही इंजिन किंचाळलं नाही, एकदाही कुंथलं नाही. समोरचा रिक्षावाला थबकला तर यांचा पाय आपोआप वर.

धामणकर नाक्यावर मात्र मी श्वास धरला. शुक्रवार असला तरी त्या नाक्याला सुट्टी नसते. शेअर रिक्षा, हातगाड्या, टेम्पो, आणि सगळे हॉर्नवर बोलणारे. हाताला इंजिन कळेल, पण मागचा हॉर्न कसा कळणार, हा विचार मी तोवर केलाच नव्हता. तेवढ्यात मागून एका टेम्पोने जोरात हॉर्न दिला, आणि निसारभाईंनी शांतपणे गाडी डावीकडे घेऊन त्याला वाट दिली.

मी पुढे वाकून पाहिलं. भाभींचा डावा हात मांडीवर, आणि उजवा निसारभाईंच्या गुडघ्यावर. मागून हॉर्न आला की एक टकटक. बाजूने कुणी घुसला की त्या बाजूला बोट. थांबायचं असलं की गुडघा दाबायचा. तोंडाने एक शब्द नाही. नजर समोर, चेहऱ्यावर दुसरं काहीच घडत नसल्याचा भाव. हे नियमात बसतं का ते मला विचारू नका, पण त्या नाक्यावर त्यांच्याइतकी नीट गाडी चालवणारं त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं.

इरफाननेही ते पाहिलं.

"अम्मी," तो म्हणाला, "हे कधीपासून?"

"तू शाळेत जात होतास तेव्हापासून," भाभी मागे न वळता म्हणाल्या. "तुझ्या गाडीत मला मागे बसवायचास. पुढे तू बसायचास, अब्बांना शिकवायला. मग मी कशी सांगणार?"

इरफानने खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. तेवढ्यात शेजारी येऊन थांबलेल्या एका रिक्षावाल्याने मला ओळखलं. गाडीच्या धडधडीकडे कान देऊन म्हणाला, "जनूभाऊ, तुमची ट्यून केलेली का ही? मिस मारते बघा."

भिवंडीत माझं नाव कानावर होतं. ही गाडी गावभर अशी धडधडत फिरणार आणि लोक म्हणणार, जनूभाऊंचा हात गेला. मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी इरफान बोलला.

"मिस नाही मारत. बोलते ती."

कोनला काशिनाथने सगळ्यांना कोंबडीची पिल्लं दाखवली, आता चांगली मोठी झालेली. चहा पिताना तो निसारभाईंना म्हणाला, "गाडी नेलीस, आता माझी कोंबडी कवा बसल?" निसारभाईंनी ओठ वाचले आणि म्हणाले, "क्लच गेला की आणतो परत."

निसारभाई पुढे बरीच वर्षं गाडी चालवत राहिले. आता चालवत नाहीत. इरफान चालवतो, निसारभाई मागे बसतात आणि हात गाडीच्या पत्र्यावर ठेवतात. भाभी पुढेच. इरफानचे कान शाबूत आहेत, तरी हॉर्न आला की त्या त्याच्या गुडघ्यावर टकटक करतात. "ऐकू येतं अम्मी," तो म्हणतो, आणि वाट देतो. चामडं अजून तेच आहे.

माझं गॅरेज बंद झालं. नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो, कॉम्प्युटर लावून ट्यून करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दोन भिंतींपलीकडच्या त्या लूमबद्दल, कारण इतकी वर्षं त्यांच्यामध्ये बसून माझेही कान आता गेलेच आहेत. सुमन दारातून हाक मारते ती मला ऐकू येत नाही. वाईट वाटतं. इंजिन ऐकणं हे एकच मला चांगलं येत होतं.

पण शुक्रवारी दुपारी, लूम बंद असताना, मी जीपची वाट बघत खिडकीचा गज धरून बसतो. आणि सुमन सांगायला यायच्या आत उठून चपला घालतो, कारण जीप गल्लीत वळलेली मला गजातून कळते.

गेल्या शुक्रवारी गाडी दारात थांबली तेव्हा निसारभाईंनी मागच्या सीटवरून खुणेने मला बॉनेटकडे पाठवलं. मी त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांनी त्यांच्या त्या मोठ्या आवाजात विचारलेलं मला जेमतेम ऐकू आलं.

"काय म्हणते?"

मी तळहात थोडा बाजूला सरकवला. मग त्यांच्याकडे तोंड करून, त्यांना ओठ नीट दिसावेत असं सावकाश म्हटलं, "तीन नंबरचा प्लग जरा सुस्त आहे."

त्यांनी पत्र्यावर ठेवलेला आपला हात उचलला नाही. नुसती मान डोलावली, बरोबर म्हणून.